लाईट म्हणजे काय? ‘लाईट गेली’, ‘लाईट बिल’, ‘लाईट कलर’ आणि बरेच काही

लाईट हा मराठीत रोज तोंडी येणारा इंग्रजी शब्द. शब्दकोश उघडला तर त्याचे दोन मुख्य अर्थ मिळतात : एक प्रकाश किंवा दिवा, दुसरा हलका. पण मराठी माणूस हा शब्द ज्या अर्थाने सर्वांत जास्त वापरतो, तो तिसराच आहे. तो अर्थ म्हणजे वीजपुरवठा.

‘लाईट बंद कर’ आणि ‘लाईट बंद आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात लाईट म्हणजे खोलीतला दिवा. दुसऱ्यात गावाचा वीजपुरवठा. शब्द एकच, पण ऐकणारा कधी चुकत नाही. क्रियापदावरून त्याला कळते. दिवा लावतात, घालवतात, बंद करतात. पुरवठा मात्र आपणहून येतो आणि जातो. म्हणून ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’. लिंगही ठरून गेले आहे, स्त्रीलिंग. वीज आणि बत्ती हे आधीचे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे बहुधा तसे झाले असावे. अनेकवचन हवे असेल तर ‘लायटी’ : मांडवात लायटी लावल्या.

प्रकाशाचा शब्द विजेला का चिकटला, याचे कारण सरळ आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या काळात खेडोपाडी तारा पोहोचल्या, तेव्हा साध्या घरात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे दिवाच. वीज येणे आणि उजेड पडणे ही एकच घटना होती. पंखा, टीव्ही, गिरणी, मोटार नंतर आल्या. नाव आधीच पडून गेले होते. (मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण आले, तरी बिल भरायला माणसे अजून ‘एमएसईबीत’च जातात.)

‘हलका’ या अर्थाचा लाईट

हा वापर शहरात जास्त आहे. लाईट कलर म्हणजे फिकट रंग, लाईट नाश्ता म्हणजे पोटाला जड न होणारा, ‘लाईटली घेऊ नका’ म्हणजे क्षुल्लक समजू नका. कॉलेजातली मुले चिडलेल्या मित्राला ‘लाईट घे रे’ म्हणतात, म्हणजे मनावर घेऊ नकोस. उशिरा समजणाऱ्याला ‘ट्यूबलाईट’ म्हणतात ते मात्र दिव्यावरून, कारण जुनी नळी बटण दाबल्यावर जरा फडफडून मग पेटायची.

इंग्रजीत हे दोन्ही लाईट एकसारखे लिहितात, पण मुळात ते दोन वेगळे शब्द आहेत. प्रकाशाचा लाईट ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृतात ‘रुच्’ म्हणजे चमकणे हा शब्द आला. हलक्या अर्थाचा लाईट आणि संस्कृत ‘लघु’ यांचे मूळ एक आहे; आपला ‘हलका’ही त्या लघुचाच वंशज. वीज खात्याच्या कागदांत हा लघु पुन्हा भेटतो. घरापर्यंत आणि शेतातल्या मोटारीपर्यंत येणाऱ्या तारांना तिथे ‘लघुदाब वाहिनी’ म्हणतात. दाब लघु म्हणजे उच्चदाबाच्या मानाने कमी, एवढेच. माणूस मरायला २३० व्होल्ट पुरेसे असतात.

घरची लाईट आणि मोटारीची लाईट

लातूर जिल्ह्यातल्या जळकोट तालुक्यात रब्बीच्या दिवसांत दोन शेतकरी वाटेत भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“लाईट हाय का?”

“घरात हाय. मोटारीला न्हाई.”

नांदेडच्या बाजूला मुखेड-कंधारातही हाच प्रश्न आणि हेच उत्तर. बाहेरच्या माणसाला ते कोड्यासारखे वाटेल. लाईट असेल तर आहे, नसेल तर नाही. अर्धी कशी असेल?

ती असते. खांबावरच्या तारांपैकी तीन तारांत वीज असते, तिला थ्री फेज म्हणतात. सोबत न्यूट्रलची तार. घरातल्या दिव्याला एक फेज आणि न्यूट्रल मिळाले की झाले. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला मात्र तिन्ही फेज लागतात. एक जरी कमी पडला तर ती चालू होत नाही, नुसती घुमते, आणि तशीच राहू दिली तर वाइंडिंग जळते. म्हणून थ्री फेजची लाईट पाळीने सोडायची आणि बाकीच्या वेळी फक्त सिंगल फेज ठेवायची, अशी पद्धत भारनियमनाच्या काळात रूढ झाली. भारनियमन हा सरकारी शब्द; बोलताना लोडशेडिंग. पुढे बऱ्याच ठिकाणी गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी केली गेली, तरी बोलण्यातली ‘घरची लाईट’ आणि ‘मोटारीची लाईट’ ही विभागणी कायम राहिली. पाळी रात्रीची असेल तर हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच बॅटरी घेऊन निघावे लागते. साप आणि रानडुकरांची भीती असते ती वेगळीच.

एका शब्दात तीन अर्थ कोंबले गेल्याचा खरा धोका इथे आहे. ‘मोटारीला लाईट न्हाई’ याचा अर्थ ‘तारेत करंट नाही’ असा होत नाही. सिंगल फेजच्या वेळी मोटार बंद असते, पण तिच्याकडे जाणारी तार जिवंत असू शकते. मोटार चालत नाही एवढे पाहून स्टार्टर उघडणे किंवा केबलचा जोड सोडवणे जिवावर बेतते. मेन स्विच खाली केला तरी स्विचच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारांत वीज राहते. टेस्टर तिन्ही तारांना वेगवेगळा लावून पाहावा, आणि तो पेटला नाही तरी त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. डीपीवर तर आपण चढूच नये. (गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. शहरातल्या भाच्याला ‘डीपी जळाला’ सांगितले तर तो फोनमधला फोटो तपासेल.)

पुरवठा खरोखर बंद असला तरी तो कधीही परत येऊ शकतो. बरेच जण स्टार्टरला ऑटो स्विच लावतात, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू होईल आणि रात्री शेतावर जायची गरज पडणार नाही. सोय मोठी आहे. पण सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर एकदम भार येतो, म्हणून महावितरण हे स्विच काढायला सांगते. आणि मोटारीशी कुणी झटापट करत असेल, तर ती अचानक फिरू लागते.

लाईट बिल

इथेही तोच घोटाळा होतो. एप्रिल २०२४ पासून राज्याने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू केली. तिची बातमी ‘लाईट बिल माफ झालं’ अशीच गावोगाव पोहोचली. माफी पंपाच्या बिलाची आहे, घरच्या बिलाची नाही. दोन्ही जोडण्यांचे ग्राहक क्रमांक वेगळे असतात. बिलावर हा बारा अंकी आकडा छापलेला असतो.

तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक निःशुल्क आहे. तिथे नुसते ‘लाईट गेली’ म्हटले तर पलीकडून प्रश्नांची रांग सुरू होते. घरातली गेली की शेतातली, एकट्याची की साऱ्या आळीची, तिन्ही फेज गेले की एकच, तार तुटून खाली पडली आहे का, हे ग्राहक क्रमांकासोबत आधीच सांगावे. तार पडली असेल तर तेच सर्वांत आधी सांगावे, आणि वायरमन येईपर्यंत माणसे-जनावरे तिच्यापासून लांब ठेवावीत, मग गावात लाईट असो वा नसो.