ट्रेमधला लॅपटॉप आणि त्याच्या आधीचा रेडिओ

मीरा-भाईंदरसारख्या शहरात आता अनेक घरांतले कोणी ना कोणी नोकरीसाठी आखातात नाही तर बंगळूर-हैदराबादला ये-जा करत असते. विमानतळ पाहून आलेली मुले वर्गात येतात आणि शिक्षकांना एक प्रश्न विचारतात : सगळी बॅग जर यंत्रातून जातेच, तर तिच्यातला लॅपटॉप तेवढा बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये का ठेवायला लावतात?

यावर मोठ्या माणसांकडून मिळणारे नेहमीचे उत्तर असे की, क्ष-किरणांनी लॅपटॉप बिघडू नये म्हणून. पण ट्रेमधला लॅपटॉपही त्याच यंत्रातून जातो, तेव्हा या उत्तरात काही अर्थ नाही. शिवाय चुंबकीय तबकडीवर नोंदलेली माहिती क्ष-किरणांनी पुसली जात नाही. क्ष-किरणांना भ्यायचे ते छायाचित्राच्या फिल्मने, त्यातही जास्त संवेदनशील फिल्मने. फ्लॉपीच्या काळात लोक तीही जपून हातात धरत, पण त्या भीतीला आधार नव्हता.

खरे उत्तर शोधायचे तर लॅपटॉपच्या आधी जाऊन रेडिओपाशी पोचावे लागते.

व्हिल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. ते वैद्यकात लगेच रुजले, पण प्रवाशांच्या सामानाची त्यांनी सर्रास तपासणी होऊ लागायला पाऊणशे वर्षे जावी लागली. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. त्यामागचे कारण विमानांचे अपहरण हे होते. आपल्याकडेही तेच. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान श्रीनगरहून निघाल्यावर लाहोरला पळवून नेण्यात आले, आणि अपहरणकर्त्यांच्या हातातले पिस्तूल व हातबाँब खेळण्यातले होते. पुढे १९७६ मध्ये आणखी एक विमान पळवले गेले. त्यानंतर १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. आजच्या नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची ही सुरुवात.

त्या काळच्या तपासनिसाला काय शोधायचे होते हे ध्यानात घ्या. पिस्तूल, सुरा, हातबाँब. या सर्वांना ठरलेला आकार असतो आणि ते बहुधा धातूचे असतात. सामानावर क्ष-किरण टाकायचे आणि पलीकडे पडणाऱ्या सावलीत ओळखीचा आकार दिसतो का ते पाहायचे, एवढ्यावर काम भागत होते. सावली करड्या रंगाची असे; जास्त गडद म्हणजे जास्त शोषण, इतकाच तिचा अर्थ.

हा हिशेब चुकला तो १९८५ मध्ये.

एअर इंडियाचे ‘सम्राट कनिष्क’ हे बोइंग ७४७ विमान २२ जूनला टोरँटोहून निघाले. माँट्रियल, लंडन, दिल्ली आणि शेवटी मुंबई असा त्याचा मार्ग होता. त्याच दिवशी व्हँकुव्हरला एका प्रवाशाने आपली बॅग या विमानात चढवण्यासाठी दिली. तो स्वतः मात्र विमानात चढलाच नाही. बॅग टोरँटोला पोचली. तेथे एअर इंडियाचे चेक-इन सामान क्ष-किरण यंत्राने तपासले जात होते, पण त्या दिवशी काम चालू असतानाच यंत्र बंद पडले. उरलेल्या बॅगा स्फोटकांचा वास ओळखणाऱ्या एका हातयंत्राने तपासल्या गेल्या. २३ जूनला सकाळी आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिकवर सुमारे ३१,००० फूट उंचीवर विमानाचे तुकडे झाले. त्यातील ३२९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

त्याआधी ५५ मिनिटे जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी एक बॅग फुटली होती. तीही व्हँकुव्हरहून आलेली आणि एअर इंडियाच्याच बँकॉककडे जाणाऱ्या विमानात चढवायची होती. सामान हलवणारे दोन कामगार जागीच गेले. कनिष्कचे अवशेष समुद्राच्या तळाशी होते. नारिताचे मात्र जमिनीवर, एका खोलीत. जपानी पोलिसांनी तिथले तुकडे वेचून, जुळवून पाहिले. बाँब ज्यात बसवला होता ती वस्तू सान्यो कंपनीचा स्टिरिओ ट्यूनर होती, आणि त्या ट्यूनरच्या खरेदीचा माग पुढे कॅनडातील एका दुकानापर्यंत लागला.

कनिष्कच्या चौकशीत मुंबईचाही वाटा आहे. सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्यातून विमानाच्या दोन्ही नोंदणी-पेट्या यंत्रमानवाच्या साहाय्याने जुलै १९८५ मध्ये वर काढण्यात आल्या. न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीसाठी ध्वनिफितीचे आणि हाती आलेल्या धातूच्या तुकड्यांचे परीक्षण ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले. स्फोटाने फाटलेला पत्रा आणि नुसत्या ताणाने फाटलेला पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतात. पदार्थविज्ञानाचा असा उपयोग पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, यायला हवा.

आपल्यातल्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल की, पूर्वी विमानात चढण्याआधी धावपट्टीलगत रांगेत मांडलेल्या सामानातून आपली बॅग बोटाने दाखवावी लागे. उन्हात उभे राहून लोक कुरकुरत. मालकाने न ओळखलेली बॅग विमानात जाणार नाही, हा त्यातला मुद्दा होता. व्हँकुव्हरच्या त्या बॅगेला हीच साधी गोष्ट अडवू शकली असती. १ एप्रिल १९८७ पासून विमान सुरक्षा ब्यूरो हा स्वतंत्र विभाग झाला तोही कनिष्कनंतरच.

तीन वर्षांनी तसाच प्रकार पुन्हा घडला. ऑक्टोबर १९८८ मध्ये जर्मन पोलिसांना एका छाप्यात तोशिबाचा रेडिओ-कॅसेट रेकॉर्डर सापडला. आत बाँब होता. विमान कंपन्यांना इशारेही गेले. तरी २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲमचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११ माणसे गेली. तपासात निघाले की स्फोटक सेमटेक्स होते, त्याचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी असावे, आणि ते बसवले होते तोशिबाच्या रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरमध्येच.

रेडिओच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर घालावा. रेडिओत तारा, बॅटरी, मंडलपट्टी सगळे मुळातच असते. बाँबलाही हेच लागते. सावलीत तार दिसली म्हणून तपासनीस दचकत नाही, कारण तिथे तार असायलाच हवी. उरले स्फोटक. ते पिठाच्या गोळ्यासारखे असते, त्याला स्वतःचा आकार नसतो. ते मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले, म्हणजे हलक्या अणूंचे. करड्या सावलीत ते साबणाच्या वडीसारखे किंवा चीजसारखे दिसते.

येथून पुढे सावलीचा आकार पाहून भागणार नव्हते. पदार्थ कशाचा आहे हे विचारावे लागले, आणि त्याचे उत्तर दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांत मिळाले.

कमी ऊर्जेचे क्ष-किरण पदार्थात शोषले जातात ते मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामाने, आणि एका अणूकडून होणारे हे शोषण अणुक्रमांकाच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. कार्बनचा अणुक्रमांक ६, तांब्याचा २९. गुणाकार करून पाहिला तर तांब्याचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा पाचशे पटींहून जास्त शोषतो. जास्त ऊर्जेच्या किरणांचे तसे नाही. वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन आले यावर त्यांची घट मुख्यतः ठरते. दोन्ही मोजमापांची तुलना केली की जाडी आणि जात ही दोन अज्ञाते वेगळी करता येतात. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. ही पद्धत अल्वारेझ आणि माकोव्स्की यांनी १९७६ मध्ये वैद्यकीय उपयोगासाठी मांडली होती. सामानाच्या यंत्रात बहुधा दोन संवेदकांचे थर एकावर एक असतात आणि मध्ये तांब्याचा पातळ पत्रा. वरचा थर दुबळे किरण टिपतो, पत्र्यापलीकडे पोचतात ते जोरकस.

वर्गात हे दाखवायला क्ष-किरण नकोत. एका ग्लासात लाल शाईचे पाणी घ्या, दुसऱ्यात काळ्या शाईचे. निळ्या जिलेटीन कागदातून पाहिले तर दोन्ही काळपट दिसतात, फरक कळत नाही. लाल कागदातून पाहा : लाल पाणी उजळते, काळे काळेच राहते. शाई कमी-जास्त करून पाहिली तर मुलांना अधिक समजते. एका रंगाच्या प्रकाशात जे दोन पदार्थ सारखे वाटतात ते दोन रंगांच्या प्रकाशात निराळे होतात.

तपासनिसाच्या पडद्यावरचे रंग यातूनच येतात. हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी, ॲल्युमिनियमसारखे मधले हिरवे, लोखंड-तांबे निळे. जिथून किरण पलीकडे जातच नाहीत तिथे काळे. पोळीभाजीचा डबा, पुस्तके, पाण्याची बाटली हे सगळे नारिंगी, आणि स्फोटकही नारिंगी. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर हातातल्या सामानातील द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली, ती या रंगाच्या गोंधळामुळेच.

आता लॅपटॉप. त्यात बॅटरीच्या घड्या असतात, ज्यांत तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो; तांब्याने भरलेली मंडलपट्टी असते; उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी असते. बॅगेत तो उभा-आडवा कसाही असला तर त्याची गडद निळी-काळी सावली शेजारच्या सर्व वस्तूंवर पडते, आणि वस्तूंच्या सावल्या त्याच्यावर. साधे यंत्र एका, फार तर दोन दिशांनी पाहते. एकमेकांवर पडलेल्या सावल्या त्याला सोडवता येत नाहीत. लॅपटॉप एकटा, सपाट ठेवला म्हणजे त्याच्या आतल्या भागांची नेहमीची मांडणी ओळखता येते आणि बॅगही मोकळी होते. दोन्हींची सोय ट्रेने होते.

लॉकरबीनंतर काही ठिकाणी लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगत. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेने परदेशातील काही विमानतळांवर हीच मागणी पुन्हा केली. मात्र यंत्राने पाहिलेली वस्तूच विमानात जाते आहे याची खात्री नसेल तर सगळे फोल. २ फेब्रुवारी २०१६ रोजी सोमालियाच्या मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये दडवलेला बाँब फुटला. विमान फार उंच गेले नव्हते म्हणून ते परत उतरू शकले. बाँब नेणारा तेवढा भोकातून बाहेर फेकला गेला. विमानतळाच्या कॅमेऱ्यांत दिसले की तपासणी झाल्यावर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी लॅपटॉप त्याच्या हाती दिला होता.

मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने आठ देशांतील दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप विमानाच्या पोटातील सामानात टाकायला लावले. ब्रिटननेही तसेच केले. अमेरिकेची बंदी जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. आमच्या मते हा निर्णय घाईचा होता. लिथियम बॅटरी पेटू शकते म्हणून एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून अशा सुट्या बॅटऱ्यांची मालवाहतूक बंद झाली होती. केबिनमध्ये बॅटरी पेटली तर निदान कोणाला तरी दिसते आणि पाणी ओतता येते. बाँबच्या भीतीने तीच बॅटरी, जिथे कोणी पोचू शकत नाही तिथे, शेकड्यांनी नेऊन ठेवली गेली.

एकमेकांवर पडलेल्या सावल्यांचा प्रश्न वैद्यकाने आधीच सोडवला होता. हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची चित्रे घेतली : वस्तूभोवती फिरून अनेक दिशांनी सावल्या घ्यायच्या आणि गणिताने आतला प्रत्येक काप उभा करायचा. चेक-इन सामानासाठी असे पहिले यंत्र अमेरिकेत १९९४ मध्ये प्रमाणित झाले. हातातल्या सामानासाठी ते उशिरा आले, कारण यंत्र जड, महाग आणि संथ होते. अशा यंत्राच्या रांगेत लॅपटॉप बॅगेतच ठेवता येतो. आपल्या मोठ्या विमानतळांनीही ती बसवावीत असे विमान सुरक्षा ब्यूरोने ठरवले आहे.

हे सगळे विमानाचे झाले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोडजवळचा. मृतांची संख्या दोनशेच्या आसपास होती. त्यानंतर उपनगरी स्थानकांच्या दारांत धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या, पण पट्टा आणि ट्रे आले नाहीत. का, ते गणितच सांगते. समजा एक पिशवी यंत्रातून जायला सहा सेकंद लागतात. म्हणजे तासाला ६०० पिशव्या. समजा सकाळच्या गर्दीच्या एका तासात एका स्थानकात २०,००० माणसे शिरतात आणि प्रत्येकाकडे एक पिशवी आहे. तर ३४ यंत्रे लागतील, प्रत्येकापाशी पडदा पाहणारा एक माणूस, आणि तो थकतो म्हणून साधारण वीस मिनिटांनी बदली. शिवाय यंत्रांसमोर जी रांग लागेल ती पुलावर आणि रस्त्यावर उभी असेल, तपासणीच्या अलीकडे. मेट्रोची स्थानके मुळातच मोजक्या दारांची बांधलेली, म्हणून तिथे पिशवी पट्ट्यावर ठेवावी लागते. आठवी-नववीच्या वर्गाने आपापल्या स्थानकाची दारे, पूल आणि एका गाडीतून उतरणारी माणसे मोजून हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा मांडावा.