यशवंताची आई

गेल्या जानेवारीत आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मुलांना सावित्रीबाई फुले शिकवत होते. भिडेवाडा, १८४८ साल, अंगावर शेणगोळे झेलत शाळेत जाणारी बाई आणि पिशवीतली दुसरी साडी. मुलांना साडीची गोष्ट फार आवडते. तास संपता संपता नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “ताई, सावित्रीबाईंना मुलं होती का?”

वह्या गोळा करता करता मी म्हणाले, “नाही गं, त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. एक मुलगा दत्तक घेतला होता.”

ती “ओके” म्हणाली आणि जॅकेट घालू लागली. घरी परतताना गाडीत माझ्या लक्षात आले, की ही मुलगी दत्तक आहे. तिच्या आईवडिलांनी ते कधी लपवलेले नाही आणि तिलाही ते नीट ठाऊक आहे. मी मात्र तिच्यासमोर ‘स्वतःचं’ आणि ‘दत्तक’ हे दोन शब्द समोरासमोर उभे करून मोकळी झाले होते.

इतिहास हा माझा पेशा. तरीही हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले, कारण सावित्रीबाईंवरच्या बहुतेक परिचयलेखांत ते असेच येते. मूल नव्हते, मग दत्तक घेतले, आणि पुढचा परिच्छेद सुरू. वास्तविक सावित्रीबाईंच्या आयुष्यात आईपण हा एका ओळीत उरकण्याचा भाग नाही. त्यांच्या कामाचा एक मोठा धागाच त्यातून गेलेला आहे.

तो धागा सुरू होतो एका खटल्यापासून. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे लिहिली होती. त्यांवर सरकारला मत कळवताना जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी एक इंग्रजी पत्र लिहिले. त्यात ते काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकिकत सांगतात. ती जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला फसवले, दिवस गेले, गर्भ पाडायचे उपाय फसले. बाळ जन्मले तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून विहिरीत टाकले. पुण्यात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शास्त्रीबुवाचे काही झाले नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध केला होता, पण कायद्याची पाने पेठेतल्या वाड्यांपर्यंत पोचत नव्हती.

या खटल्यानंतर १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. त्यांचे नाव कुणाला कळणार नाही. कल्पना दोघांची होती. पण आलेल्या बाईला आत घेणे, रात्री-अपरात्री तिचे बाळंतपण निभावणे, टाकून दिलेल्या बाळाच्या तोंडी दूध घालणे, हे काम घरातल्या बाईवरच येणार होते, आणि तिने ते केले.

त्याच पत्रात जोतीरावांनी आकडे दिले आहेत. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी ५ जिवंत होती. ३० दगावली होती, कारण दिवस लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांना इजा झाली होती. हा आकडा वाचून मी थांबले. आपण या गृहाची आठवण नेहमी वाचवलेल्या जिवांची म्हणून काढतो. त्या घरात राहणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र तीस लहान मृत्यू आले होते. त्यानंतरही दार उघडे राहिले.

त्या पाचांपैकी एक म्हणजे यशवंत. १८७४ च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेच्या पोटी तो जन्मला आणि फुले दांपत्याने त्याला आपला मुलगा केले. इथे एक गल्लत दुरुस्त करायला हवी. काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई हीच यशवंताची जन्मदाती, असे अनेकदा लिहिले जाते. ते शक्य नाही. तो खटला गृह निघण्याच्या आधीचा आहे आणि तिचे बाळ जगले नव्हते. यशवंताचा जन्म त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी झाला. दोन बायकांची एकच गोष्ट केली, की एकीची शिक्षा आणि दुसरीची सुटका दोन्ही पुसट होतात. पहिलीला जायला जागा नव्हती. दुसरीला ती मिळाली, आणि म्हणून यशवंत जगला.

हे दत्तक त्या काळच्या धर्मशास्त्राला मान्य होण्यासारखे नव्हते. दत्तक घ्यायचा तो वंश चालवायला आणि पिंड द्यायला. मुलगा सवर्ण म्हणजे आपल्याच वर्णाचा हवा आणि तो देणारे आईबाप हवेत. नवरा हयात असताना बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकारच नव्हता. इथे ब्राह्मण विधवेचा, बाप पुढे न आलेला मुलगा माळ्याच्या घरात वाढत होता. त्याचे मूलपण कुठल्याच चौकटीत बसत नव्हते. भारतात हिंदू स्त्रीला दत्तकाचा स्वतंत्र अधिकार १९५६ च्या कायद्याने मिळाला, तोही अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटितेला. विवाहितेला नवऱ्याच्या बरोबरीने तो मिळायला २०१० साल उजाडले.

म्हणूनच जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र नोंदवून ठेवले. भाऊबंद उद्या काय म्हणतील याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. आपल्यामागे सावित्रीबाई आणि यशवंत हेच आपले, असे त्यांनी कागदावर आणले.

जोतीरावांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. ते वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई वारल्या. त्यांना वाढवले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने, आणि त्यांच्या शिक्षणामागेही तीच उभी राहिली. मूल होत नाही म्हणून दुसरे लग्न करा, असा आग्रह घरच्यांनी धरला तेव्हा त्यांनी तो धुडकावला, अशी आठवण चरित्रांतून येते. न जन्मलेल्या आईच्या हातचे जेवून मोठा झालेला माणूस आणखी काय करणार होता?

सावित्रीबाईंचे आईपण घरात बसून राहणारे नव्हते. १८७७ च्या एप्रिलमध्ये त्या जुन्नरजवळच्या ओतूरला दुष्काळाच्या कामात होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात उपासमार आहे, गाव सोडून निघालेली माणसे आहेत, सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड आहे. यशवंत तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. आपल्याकडे आई आणि कार्यकर्ती अशा दोन वेगळ्या तसबिरी लावायची सवय आहे. या बाईने दोन्ही एकाच वेळी निभावले.

यशवंत शिकला, पुढे डॉक्टर झाला. त्याच्या जन्माची कथा पुण्यात माहीत असल्याने मुलगी मिळणे सोपे नव्हते. अखेर हडपसरच्या सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधेशी, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, भटजीविना झाले. पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली. दत्तक मुलाला तो मान कसा? तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या. हा प्रसंग नवऱ्याच्या अंत्ययात्रेत पुढे चालणाऱ्या बाईचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण भांडण मुळात तिच्या मुलाच्या हक्काचे होते. तिने धरलेल्या टिटव्यात मुलाची बाजूही होती. जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा शेवटचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध केला तो यशवंताने. वारस कोण, याचे उत्तर त्यातही आहे.

मग १८९७ आले. मुंबईत आदल्या वर्षी सुरू झालेला प्लेग पुण्यात पोचला. त्या वर्षाचा इतिहास आपण रँड, घरांची झडती आणि चाफेकर बंधू असा शिकतो. त्याच वर्षी शहराबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्यात, एक छोटा दवाखाना चालला होता. सावित्रीबाईंनी लष्करी नोकरीतल्या यशवंताला बोलावून घेतले आणि त्याने तिथे रोगी तपासायला सुरुवात केली. मळा त्याच्या सासरच्यांचा. राधा दोन वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये वारली होती, पण नाते टिकले होते. ज्या मुलाला जात विचारून दार बंद झाले असते, तो आता जात न विचारता नाडी पाहत होता.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा तापाने फणफणल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतही फार जगला नाही. १९०५ मध्ये त्याचे निधन झाले आणि मागे राहिलेल्या कुटुंबाने हलाखीचे दिवस काढले. महाराष्ट्र सावित्रीबाईंचे पुतळे उभारू लागला तोवर त्यांच्या घराकडे पाहायला फारसे कोणी उरले नव्हते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत दत्तक मुले असलेली मराठी घरे आहेत. पूर्वीपेक्षा मोकळेपणाही आहे. तरी हळदीकुंकवाला, वाढदिवसाला कुणीतरी हळूच विचारतेच, “पण स्वतःचं नाही का झालं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. माझ्याही नव्हते.

पुढच्या रविवारी मी फळ्यावर पुन्हा ३ जानेवारी १८३१ लिहिले आणि म्हटले, “मागच्या वेळी मी एक चुकीचं सांगितलं. सावित्रीबाईंना एक मुलगा होता. त्याचं नाव यशवंत. तो डॉक्टर होता.” मग प्लेगची गोष्ट सांगितली. मुले नेहमीपेक्षा शांत होती. त्या मुलीने वहीत नाव लिहून घेतले आणि विचारले, “ताई, पाठीवर आणलेला तो मुलगा वाचला का?”

“हो,” मी म्हणाले. “तो वाचला.”