धारपांचं भय आणि आपण

भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या काळात नारायण धारपांची कादंबरी कपाटात क्वचितच दिसायची. एकानं परत केली, की काउंटरवरूनच ती दुसऱ्याच्या पिशवीत जायची. पण वाचणारा ते चारचौघांत सांगत नसे. जी. ए. कुलकर्णींचा काळोख वाङ्मयीन, धारपांचा मात्र फावल्या वेळचा, अशी आपण वाटणी करून टाकली होती. समीक्षेनंही त्यांची फारशी दखल घेतली नाही. 1925 साली जन्मलेले धारप 2008 मध्ये गेले, तोवर चित्र साधारण हेच होतं.

दरम्यान इंग्रजी वाचणाऱ्यांना एक शोध लागला होता. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची 1975 ची ‘सेलम्स लॉट’ होती आणि ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’. कालचे भक्त एकदम फिर्यादी झाले. मला हा राग अर्धाच पटतो. ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी ‘झुंझारराव’ रचलं, म्हणून आपण देवलांना कमी लेखलं नाही. परकं भूत मराठी घरात आणून बसवणं म्हणजे नुसती नावं बदलणं नव्हे. घरातली नाती, वडीलधाऱ्यांचा धाक, देवघर, सगळं नव्यानं उभं करावं लागतं. धारपांना ते साधायचं. शिवाय अरिष्टाला सामोरा जाणारा त्यांचा ‘समर्थ’ इथल्याच मातीतला; तो किंगकडे सापडायचा नाही.

मग 2018 मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. नागझिऱ्याच्या जंगलात 1993 साली एका मित्रानं सांगितलेली धारपांची गोष्ट मनात घर करून राहिली, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. ती गोष्ट ‘आजी’. तिचंही मूळ किंगच्याच एका कथेत आहे. (चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देणारं, ही आणखी एक गंमत.) म्हणजे अमेरिकेतली म्हातारी मराठीत आली, तोंडी गोष्ट होऊन जंगलात पोचली आणि पडद्यावर कोकणातल्या घरात साखळदंडांत दिसली. 2024 मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. ज्यांनी धारपांचं नावही ऐकलं नव्हतं, अशी मुलं त्यांची पुस्तकं मागू लागली.

ही मुलं लाजत नाहीत, आणि मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचतात. त्यांच्यासाठी तरी प्रत्येक रूपांतराच्या पहिल्या पानावर मूळ लेखकाचं नाव ठळक असावं. भीती त्यानं कमी होणार नाही. ‘लुचाई’ मी मूळ ठाऊक असताना वाचली, आणि दिवसाउजेडीच संपवली.