शब्दवेध : पागा

बिबवेवाडी गावठाणातल्या एका जुन्या भिंतीत लोखंडी कडं आहे. हल्ली त्याला कुणीतरी स्कूटरची साखळी अडकवतं. आतल्या बाजूनं ते झिजून गुळगुळीत झालंय, वर्षानुवर्षं दावं ओढलं गेल्यासारखं. ते दिसलं की मला ‘पागा’ आठवते.

फारसीत ‘पायगाह’. पाय आणि गाह, म्हणजे ठिकाण. पाय ठेवायची जागा, त्यावरून दर्जा, पद आणि घोड्यांचं ठाणंही. हाच ‘गाह’ ‘दर्गा’त आहे, आणि फारसी पाय तर आपल्या पायाचा सख्खा नातलग. मराठीत पागा नुसती इमारत राहिली नाही. सरकारी घोड्यांचं पथक तेही पागाच. त्या घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. हैदराबादच्या ‘पायगा’ उमरावांचं नावही इथलंच.

‘तबेला’ मात्र अरबी ‘तवील’च्या, म्हणजे ‘लांब’च्या कुळातला. मुळात जनावरं बांधायची लांब दोरी. पुढे दोरीची इमारत झाली.

वाड्याच्या दिवाणखान्याची नक्षी आपण जपतो आणि पागेची कडी उपटून भंगारात देतो, याचं मला फार वाईट वाटतं. गावठाणातलं ते कडं तरी राहू द्यावं.