वैद्यकातील ग्रीक शब्द

आधुनिक वैद्यकाची भाषा आपल्याला इंग्रजी वाटते. परंतु तिचा फार मोठा भाग ग्रीक आहे. 'न्यूमोनिया'तील 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस, 'कार्डिओग्राम'मधील 'कार्डिया' म्हणजे हृदय, 'अ‍ॅनीमिया'त दडलेले 'हैमा' म्हणजे रक्त. हिपॉक्रेटीसपासून गेलेनपर्यंत पाश्चात्त्य वैद्यकाचे प्रमाणग्रंथ ग्रीक भाषेत लिहिले गेले. रोमची सत्ता आली तरी वैद्यांची भाषा बहुतांशी ग्रीकच राहिली. नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन इब्न इसहाक याने गेलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत उतरवले, आणि १५२५ साली व्हेनिस येथे ते मूळ ग्रीकमध्ये छापून निघाले. पुढे नव्या शोधांना नावे हवी झाली, तेव्हा युरोपातील विद्वान याच भांडाराकडे वळले.

या भांडारात ज्ञानाबरोबर जुने गैरसमजही जपले गेले आहेत. 'आर्टरी' हा शब्द पाहा. ग्रीकांच्या 'आर्तेरिया' या शब्दाचा जुना अर्थ श्वासनलिका. मृत शरीरात या वाहिन्या बहुधा रिकाम्या आढळत. म्हणून त्यांतून रक्त नव्हे तर वायू वाहतो, असे इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्राक्सागोरासने ठरविले. मग जखमेतून रक्त का उसळते? वायू निसटला की शेजारच्या शिरांतील रक्त त्या पोकळीत धावते, असे उत्तर पुढच्या शतकात एरासिस्ट्राटसने दिले. युक्तिवाद चतुर होता, पण खोटा होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली आणि मधला भाग कापला. आत रक्तच होते! १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले. सिद्धान्त गेला, नाव मात्र राहिले.

मौज अशी की, आपला 'धमनी' हा शब्दही 'ध्मा' म्हणजे फुंकणे या धातूपासून आला असून चरकसंहिताही त्याचा संबंध 'ध्माना'शीच जोडते. दोन प्राचीन भाषांनी एकाच वाहिनीला फुंकरीशी नाते सांगणारी नावे द्यावीत, हा योग विलक्षण खरा. तथापि धमनी म्हणताना आज कोणाच्या मनात वायू येत नाही. म्हणून त्या नावाने कोणाचे नुकसान होत नाही.

प्रत्येक नावाविषयी असे म्हणता येणार नाही. 'हिस्टेरिया' हे नाव 'हिस्तेरा' म्हणजे गर्भाशय यावरून पडले. त्यामुळे हा विकार स्त्रियांचाच, हा ग्रह शतकानुशतके टिकला. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यसभेत तरुण फ्रॉइडने पुरुषांतील हिस्टेरियाविषयी निवेदन केले, तेव्हा एका वृद्ध शस्त्रवैद्याने मूळ ग्रीक शब्दाचाच आधार घेऊन पुरुषाला हा विकार होईल कसा, असा आक्षेप घेतल्याचे फ्रॉइडने आत्मकथनात नमूद केले आहे. समोर रोगी असता पुरावा मात्र शब्दाच्या व्युत्पत्तीचा! अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीतून हे नाव निघाले ते १९८० साली. तोवर किती स्त्रियांच्या खऱ्या दुखण्यांवर या एका शब्दाचे पांघरूण पडले असेल, याची गणती कोणी करावी?

म्हणून नवे शब्द घडविताना सावधपणा हवा. १९०५ मध्ये लंडनच्या स्टार्लिंगने 'चेतविणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. एका इंद्रियातून निघून रक्तावाटे दुसऱ्या इंद्रियाला कामाला लावणारे द्रव्य, एवढीच पाहिलेली गोष्ट त्याने नावात घातली; न पाहिलेले कारण घातले नाही. आपला 'संप्रेरक' हा शब्दही तीच मर्यादा पाळतो.

भारत सरकारने १९६१ साली वैज्ञानिक परिभाषेसाठी आयोग नेमला, तेव्हापासून शब्द संस्कृतातून घडवावा की परभाषेतून घ्यावा, हा वाद पुष्कळ झाला. खरे तर आपल्या पूर्वजांना परक्या शब्दाचे भय नव्हते. आकाशवाणीच्या प्रत्येक ठाण्याला आपण 'केंद्र' म्हणतो, तो शब्द ज्योतिषाच्या वाटेने ग्रीक 'केन्त्रोन'वरूनच आला आहे. शब्द कोणत्या कुळातला, हा प्रश्न दुय्यम आहे. तो वस्तूकडे पाहावयास शिकवतो की पाहण्याचे श्रम वाचवतो, हे आधी तपासले पाहिजे. कारण वैद्यकात शब्दाची चूक अखेर रोग्यालाच भोगावी लागते.