रुग्णसेवा : मायेपासून विद्येपर्यंत

घरात कोणी आजारी पडले की उशापायथ्याशी कोण बसते? आई, बायको, सून, लेक नाहीतर बहीण. कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवणे, पेज करून भरवणे, अंथरूण बदलणे, रात्र रात्र जागणे ही कामे आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. त्याचे शिक्षण कोणी दिले नाही आणि मोबदलाही कोणी विचारला नाही. तरी या घरच्या कामातूनच पुढे जगातला एक मोठा मानाचा व्यवसाय उभा राहिला. तो कोणी उभा केला आणि त्यासाठी कोणी काय सोसले, हे आपल्या मंडळाच्या भगिनींना ठाऊक असावे म्हणून हा विषय घेतला आहे. मी सातवी शिकलेली गृहिणी. पंडिती भाषा मला येत नाही. वाचून आणि वडीलधाऱ्यांना विचारून जे कळले ते सांगते.

पूर्वी आपल्या वऱ्हाडात बाळंतपण म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली. खिडकी बंद, दाराला गोधडी, बाजेखाली विस्तव आणि धूर. सुईण यायची ती बहुधा गावकुसाबाहेरची. अडलेल्या बाईला मोकळी करण्यापुरती ती घरात चालायची. एरवी तिला ओट्यावरही जागा नसे. तिच्या हाताला अनुभव होता, मायाही होती. पण नाळ कापायला घरातला विळा नाहीतर पाते, आणि वर लावायला राख! माझ्या सासूबाईंची बाळंतपणे घरीच झाली. त्यांच्या सात लेकरांतली दोन आठवडाभरात गेली. बाळ दूध ओढेनासे व्हायचे, जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचे. लोक म्हणायचे बाहेरची बाधा झाली. तो धनुर्वात होता आणि तो त्या न उकळलेल्या पात्यातून, त्या राखेतून येत होता, हे सांगणारे शिकलेले माणूस घरात कोणी नव्हते. सुईणीचा त्यात काय दोष? तिला कोणी शिकवलेच नव्हते.

नुसती माया पुरत नाही, मायेला विद्येची जोड लागते, हे ज्या बाईने जगाला पटवून दिले तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिचा जन्म 12 मे 1820 चा, श्रीमंत इंग्रज घराण्यातला. नर्स व्हायचे म्हणताच घरच्यांनी विरोध केला, कारण त्या काळी इंग्लंडातही नर्सचे काम म्हणजे दुसरे काही जमत नाही अशा बाईचे काम, अशीच समजूत होती. 1854 साली क्रिमियाच्या लढाईत ती 38 जणींना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली. रात्री हातात दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, हे तिचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. पण तिचे खरे मोठेपण दिव्याहून अधिक तिच्या वहीत होते. कोण कशाने मेला याचे तिने आकडे मांडले. लढाईतल्या जखमांनी मेले त्यापेक्षा कितीतरी अधिक शिपाई घाणीतून येणाऱ्या रोगांनी मेले, असे त्यातून दिसले. 1855 च्या फेब्रुवारीत त्या दवाखान्यात दाखल होणाऱ्या शंभरांत चाळीसच्या वर दगावत होते. मग सरकारी मंडळींनी येऊन गटारे साफ केली, हवा खेळती केली. इकडे बायकांनी कपडे, अंथरुणे आणि अन्न यांची व्यवस्था लावली. उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण शंभरी दोनच्या आसपास आले.

पुढे 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने नर्सिंगची शाळा निघाली. या व्यवसायाचा पाया तिथे पडला असे म्हणतात. त्या पायात चार दगड होते. ठरावीक मुदतीचे शिक्षण, कडक स्वच्छता, प्रत्येक रोग्याची रोजची नोंद, आणि नर्सांवर देखरेख करणारी नर्सच. यातला चौथा दगड मला फार मोलाचा वाटतो. बाईच्या कामावर बाईचा अधिकार! नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. परंतु इथल्या खेड्यांतले पाणी, गटारे आणि आरोग्य यांवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले.

ही विद्या आपल्याकडे मुंबईच्या वाटेने आली. जे. जे. रुग्णालय 1845 पासून होते. 1886 साली खास बायकामुलांसाठी कामा रुग्णालय उघडले. परपुरुषाला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. त्यांच्यासाठी बायकाच डॉक्टर आणि बायकाच नर्स हव्या होत्या. 1885 साली लेडी डफरीन यांनी याच कारणासाठी निधी उभारला आणि त्यातून गावोगावी बायकांचे दवाखाने निघाले. अमरावतीचा बायकांचा सरकारी दवाखाना लोकांच्या तोंडी अजून 'डफरीन'च आहे, आणि आपल्या अकोल्याचा 'लेडी हार्डिंग'. 1891 साली काशीबाई गणपत नावाच्या बाई मुंबईत नर्सिंग शिकायला आल्या. नर्सिंगच्या क्रमिक पुस्तकांत पहिली हिंदी शिकाऊ नर्स म्हणून त्यांचे नाव देतात.

त्यानंतर पाचसहा वर्षांतच प्लेग आला. पुण्यात घरेच्या घरे ओस पडू लागली, सख्खे सख्ख्याला सोडून पळू लागले. अशा वेळी सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या मदतीने रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या पोराला त्यांनी पाठीवर घालून तिथे आणले. त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. त्या माउलीपुढे आपण हात जोडतो. पण हात जोडताना हेही मनात आणावे की सेवा करणारीचा जीव वाचवणे हाही या विद्येचाच भाग आहे. हातमोजे, तोंडाला पट्टी, उकळलेली हत्यारे, लस, ठरलेली पाळी आणि पाळीनंतरची विश्रांती हे चोचले नव्हेत. सेवा करणारीच संपली तर सेवा कोण करणार?

आता खरी अडचण होती ती नर्सा आणायच्या कोठून याची. चांगल्या घरची लेक कोणी पाठवीना. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणत्या जातीचा रोगी येईल त्याचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, या तिन्ही गोष्टी समाजाला नको होत्या. ही कोंडी फोडली ती ज्यांना समाजानेच बाजूला टाकले होते त्या विधवांनी. न्यायमूर्ती रानडे 1901 साली वारले. त्यानंतर रमाबाई रानडे पुण्याच्या ससून रुग्णालयात रोग्यांना भेटायला जात. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. तिथल्या मुली आणि तरुण विधवा ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या. एका बक्षीस समारंभाची हकीकत प्रसिद्ध आहे. पांढऱ्या पोशाखातल्या नर्सा बक्षीस घ्यायला उठल्या तेव्हा सभेत कुजबुज झाली. पुढे आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक तरुण विधवा डॉक्टरीची परीक्षा पास झाल्याचे बक्षीस घ्यायला आली, तर कॉलेजातल्या पोरांनी हुर्यो केली. शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. ज्यांना आपल्या कष्टी बहिणींबद्दल कळवळा नाही, उलट त्यांची थट्टा सुचते, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी भर सभेत विचारले. सभा गप्प झाली असे सांगतात.

आपल्या विदर्भात हे काम केले कमलाबाई होस्पेट यांनी. त्यांचा जन्म 1896 चा, खानदेशातला. लहानपणी लग्न झाले आणि कोवळ्या वयातच वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीपुढे एकच वाट असे, ती माजघरातल्या कोपऱ्याची. कमलाबाई नागपूरच्या डफरीन रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. 1921 साली त्यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने नागपूरला मातृसेवा संघ स्थापन केला आणि लहानसे प्रसूतिगृह सुरू केले. भगिनींनो, जरा विचार करा. जिला डोहाळजेवणाला बोलवायचे नाही, जिच्या हातून ओटी भरून घ्यायची नाही, सकाळी जी समोर आली तर अपशकुन मानायचा, अशा बाईच्या हातात नागपूरच्या सवाष्णी आपले पहिले लेकरू देऊ लागल्या. लाखो भाषणांनी जे झाले नसते ते त्या स्वच्छ धुतलेल्या हातांनी केले. संघाच्या शाखा विदर्भात आणि बाहेर निघाल्या. पुढे समाजकार्य शिकवणारी संस्थाही 1958 साली निघाली. 1961 साली कमलाबाईंना पद्मश्री मिळाली आणि 1981 साली त्या वारल्या.

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास भोर समितीने हिशेब केला तेव्हा, 1946 साली, साऱ्या देशात सात हजारांच्या आसपास नर्सा निघाल्या. म्हणजे 43,000 माणसांमागे एक! 1947 साली भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षण सर्वत्र एका धर्तीवर आले. 1964 साली मुंबईला एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज निघाले आणि तिथे या विद्येची पदवीही मिळू लागली. गावात उपकेंद्राची नर्सबाई आली. धनुर्वाताचे इंजेक्शन, नवे पाते, उकळलेला दोरा या साध्या गोष्टी तिने घरोघरी पोचवल्या, आणि ज्या रोगाने माझ्या सासूबाईंची दोन लेकरे नेली तो रोग आपल्या सुनांना ऐकूनही माहीत नाही.

एवढे सगळे झाले, तरी आपण बदललो का? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या नर्सने वीस गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत नेऊन दारे लावून घेतली. आपण टाळ्या वाजवल्या. मार्च 2020 मध्ये आपण ओट्यावर उभे राहून थाळ्याही वाजवल्या. पण त्याच दिवसांत आमच्या नात्यातल्या एका नर्स मुलीला घरमालकाने खोली सोडायला लावली. आणि लग्न जमवताना काय ऐकू येते? "मुलगी चांगली आहे हो, पण नर्स आहे. रात्रपाळी असते." पगार चालतो, पाळी चालत नाही. 1921 साली लोक जे बोलत होते तेच हे, फक्त आवाज थोडा खाली आला आहे. आणि हे बोलणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो, हे या पानावर लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. दरवर्षी 12 मे हा परिचारिका दिन असतो. त्या दिवशी आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या आणि उपकेंद्रांतल्या नर्सबाईंना, आणि आशाताईंनाही, बोलावून त्यांची ओटी भरावी, आणि त्यांना काय हवे-नको ते विचारावे. दुसरे, दहावी-बारावी झालेल्या ज्या मुलीला नर्सिंगला जायचे असेल तिच्या आईवडिलांना समजावायला मंडळाच्या दोघी-चौघींनी जावे. तिसरे, आपल्या घरात सून पाहताना स्थळ नर्सचे आले तर नाक मुरडू नये. आपल्या दुखण्यात रात्र जागणारी हवी, आणि सून मात्र रात्री न जागणारी हवी, हा न्याय नव्हे.

मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपल्या मालेगावातून पुष्कळ लेकी ही विद्या शिकून पुढे जावोत, एवढी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवते.