लॅक्सटन

लॅक्सटन : इंग्लंडच्या नॉटिंगमशर परगण्यातील एक लहान शेतकरी गाव. 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे आणि नॉर्मन गढीचा मातीचा उंचवटा आजही उभा आहे. गावाची ख्याती मात्र बिनकुंपणाच्या शेतीमुळे आहे. एकेकाळी मध्य इंग्लंडमध्ये गावोगावचे शिवार मोठ्या, उघड्या रानांत विभागलेले असे आणि प्रत्येकाचे पट्टे त्यांत विखुरलेले असत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी बहुतेक ठिकाणी कुंपणे घातली गेली. लॅक्सटनला सुमारे 480 एकरांवर मिल, साउथ आणि वेस्ट ही तीन राने टिकली.

मध्ययुगाचा अवशेष म्हणून या गावाकडे पाहिले जाते. ते अपुरे आहे. मार्क पीअर्सने 1635 साली केलेल्या नकाशात पट्ट्यापट्ट्याची नोंद आहे. त्याच्याशी ताडून पाहिले, तर आजचे पट्टे संख्येने खूपच कमी आणि बरेच रुंद आहेत. ट्रॅक्टर आला, पिके बदलली. टिकून राहिला तो गावाचा आपल्या जमिनीवरचा सामाईक अंमल. हिवाळी गहू, वसंतातले पीक आणि पडीक अशी तिन्ही रानांची फेरपालट ठरलेली असते. गव्हाची पेरणी झाली की हिवाळ्याच्या तोंडी शेतकऱ्यांतूनच नेमलेली ज्युरी त्या रानात फिरते, हद्दीच्या खुंट्या ठोकते आणि कोणी बांध कोरला किंवा वहिवाटीच्या रस्त्यात नांगर घातला ते पाहते. त्यानंतर भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’ या स्थानिक न्यायालयात दोषींना दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते; पण तो ठरवणारे शेजारीच असल्याने त्याचा धाक मोठा.

यावर आक्षेप असा, की हे गाव स्वतःच्या गुणांनी वाचलेच नाही. इथे कुंपणे घालायचे जमीनमालकांमुळे राहून गेले आणि 1952 साली सरकारनेच जमीन विकत घेऊन पद्धत जपली. पुढे ती क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेली. यातले तथ्य मान्य केले पाहिजे. मालकाने मनात आणले असते, तर ज्युरीला ही राने राखता आली नसती. पण मालकी कागदावर राहते. कोणाचा नांगर कुठवर गेला, हे मालकाच्या कचेरीतून कळत नाही. सामाईक साधने ओरबाडली जाणारच, असे पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने 1968 साली सामाईक कुरणाचे उदाहरण घेऊन मांडले. त्याच्या कल्पनेतले कुरण कोणाच्याच देखरेखीखाली नव्हते; लॅक्सटनच्या रानांतले ‘साइक’ नावाचे न नांगरलेले गवती पट्टे मात्र ज्युरीच्या नजरेखाली आहेत.